जुनी गाडी गोव्यात सांभाळताय? मग या चुका टाळा

मारुती ८०० घेऊन एकदा केरीहून चोर्ला घाट चढून बघा. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पॉवर स्टेअरिंग नाही, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकला तर गाडी हलक्या अंगाने वळते. विसरलात तर धापा टाकते आणि तुमची चूक तुमच्या पदरात घालते. चाळीसच्या वेगात एवढं काही घडत असतं की करमणुकीला म्युझिक सिस्टिम लागत नाही. पद्मिनी, जिप्सी, पहिली झेन यांची गंमतही हीच. गाडी काय करतेय ते हाताला आणि पायाला समजतं.

अशा गाड्यांची वाट बहुतेक वेळा त्यांच्यावर जीव टाकणारेच लावतात. कोणी तिला नवी करायला जातो, कोणी देव्हाऱ्यात बसवतो.

चवथीसाठी घाईघाईने रंग

चवथीला गाडी चकचकीत हवी म्हणून ऐन पावसात ती पेंटरकडे टाकणारे फोंड्यापासून पेडण्यापर्यंत सगळीकडे भेटतील. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. या हवेत उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस पडतो. वर भरलेली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, ओल शोषून घेते, आणि ती नीट वाळायच्या आत प्रायमर मारला की ओल आतच अडकते. चवथीला गाडी आरशासारखी दिसते. दिवाळीपर्यंत मडगार्डवर तांदळाएवढे फोड येतात आणि मालक पेंटरला शिव्या घालतो. टिंकरिंग (पत्र्याचं ठोककाम) आणि रंगाचं काम डिसेंबर ते मे या काळात करून घ्या. पावसात इंजिन, ब्रेक, वायरिंग असली कामं काढा.

रंगाकडे बघून गाडी विकत घेणं हीसुद्धा याच चुकीची बहीण. पुढच्या सीटखालची कार्पेट उचला आणि पाय ठेवायची जागा अंगठ्याने दाबून बघा. दाराची खालची कड, बाहेरचा सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी), बॅटरीचा ट्रे, मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा वरचा माउंट या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐका. धड पत्रा टणकन वाजतो, लांबी भरलेली जागा भद्द आवाज करते. खिशात छोटं लोहचुंबक असेल तर उत्तमच, कारण लांबीच्या जाड थरावर ते चिकटत नाही. आणि गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं की आधी विचारा, हे कशावर मारलंय? गंजावर मारलेल्या कोटिंगखाली गंज सुखाने वाढत राहतो.

दाराच्या तळाशी पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती लांबीने किंवा मातीने बुजली की दार आतून कुजायला लागतं. एक काडी घेऊन ती मोकळी करा. खर्च शून्य.

प्लास्टिकचं कव्हर आणि खारं पाणी

पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधणं म्हणजे गाडी वाफवणं. वर छप्पर आणि दोन्ही बाजू मोकळ्या, एवढं पुरतं. फेरीबोटीच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी चाकं पाण्यात जातात आणि नदीच्या मुखाजवळ ते पाणी खारं असतं. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यावर गाडी घालण्याबद्दल काय बोलायचं! तो गुन्हा तर आहेच, पण चासीत शिरलेली खारी वाळू वर्षानुवर्षं बाहेर येत नाही.

आठवड्यातून एकदा उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालू करून बंद करणारेही खूप. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि ऑइल नीट गरम होत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी का होईना, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

रुंद टायर, मोठी अलॉय

ही माझी सगळ्यात नावडती चूक. मारुती ८०० ला कंपनीने १४५/७० आर १२ मापाचे चिमुकले टायर दिले, त्यावर ते स्टेअरिंग, ते बेअरिंग आणि ते गिअर बेतलेले आहेत. तिला रुंद टायर आणि मोठी अलॉय बसवली की पार्किंगमध्ये स्टेअरिंग दगडासारखं होतं, वळणावर टायर आतल्या बाजूला घासतो, घाटात दुसऱ्या गिअरची ताकद कमी पडते आणि स्पीडोमीटर खोटं बोलतो. रस्त्यावरची जी बारीक थरथर हातात यायची तीही गेली. ज्या गोष्टीसाठी गाडी घेतली तीच पैसे मोजून काढून टाकायची, याला काय म्हणावं?

तेच पैसे सस्पेन्शनचे रबर बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं आणि अलाइनमेंटवर घाला. मापाचे नवे टायर घ्या, आणि घेताना बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते दगा देतं.

घाटात गाडी बंद पडली

कार्बोरेटरची गाडी गरम होऊन बंद पडली की दोन गोष्टी हमखास होतात. एक तर बॅटरी झोपेपर्यंत सेल्फ मारला जातो, नाही तर कोणीतरी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतो. दोन्ही टाळा. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल हलवा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल येतंय, मग प्लगची ठिणगी बघा. ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल हात लावू न देण्याइतकी तापली असेल तर संशय तिच्यावर. ती थंड असून ठिणगी पिवळट आणि मरतुकडी असेल तर डेल्कोतले, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, पॉइंट आणि कंडेन्सर तपासा. पिचकारी उडालीच नाही तर बहुधा पाइपात पेट्रोलची वाफ झालीय. पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं ठेवून पंधरा मिनिटं थांबा. तापलेल्या इंजिनवर मात्र पाणी ओतू नका. परत परत असं होत असेल तर पेट्रोलचा पाइप इंजिनला टेकलाय का ते बघा.

सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी पाइपांना ते सोसत नाही, ते फुगतात, तडकतात. इथेनॉल पाणीही ओढतं. इथेनॉल सोसणारे पाइप बसवून घ्या आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

‘थर्मोस्टॅट काढून टाका हो, इथल्या उन्हात त्याचं काय काम?’ असं सांगणारे मिस्त्री अजून भेटतात. ऐकू नका. इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी ही झडप आहे. ती काढली आणि इंजिन थंडच राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप तपासा, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाण्यातून गेल्यावर ते धरत नाहीत, म्हणून बाहेर येताच पाय हलका दाबून थोडं अंतर चालवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल खातं, दोन वर्षांनी बदलाच. हेडलाइट मिणमिणत असतील तर मोठे बल्ब घालण्याआधी अर्थिंगचे सांधे घासून साफ करा. इथल्या खाऱ्या हवेत निम्मा दोष तिथेच सापडतो.

कागद

दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी बंद करणारा दिल्लीतला नियम गोव्यात नाही, तरी पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावंच लागतं. वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५ पासून त्याची फी १०,००० रुपये झाली आहे, तेव्हा सौदा करताना ती हिशेबात धरा. महाराष्ट्रातून गाडी आणणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी हातात घ्या. आणि चासीचा नंबर स्वतः वाका, टॉर्च मारा, आरसी बुकाशी ताडून बघा. गंजाने तो खाल्ला असेल आणि वाचता येत नसेल, तर विसार देऊ नका.