अमेरिकन विद्यापीठातल्या अ कॅपेला ग्रूपची ऑडिशन कशी द्यावी

अमेरिकेत शिकायला गेलेल्या गाणाऱ्या मुलामुलींना पहिल्या काही आठवड्यांतच एक गोष्ट कानावर येते. बारा-पंधरा जण अंगणात उभे राहून एकही वाद्य न घेता आख्खं गाणं उभं करतात. एकाकडे मुख्य चाल, दोघांकडे खर्जातला बास, कोणी तोंडानेच ड्रम वाजवतं आणि बाकीचे मधले सूर भरतात. हेच अ कॅपेला. ही परंपरा जुनी आहे. येल विद्यापीठाचा व्हिफेनपूफ्स ग्रूप १९०९ सालचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये सुरू झालेल्या पेन मसालाने हिंदी आणि इंग्रजी गाणी एकत्र गुंफायला सुरुवात केली, आणि पुढे इतर विद्यापीठांतही असे दक्षिण आशियाई ग्रूप निघाले. या ग्रूपमध्ये जायचं तर ऑडिशन द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्येच उरकते, म्हणून तयारी इथून निघण्याआधी सुरू केलेली बरी.

आधी ग्रूप ऐका. प्रत्येक ग्रूपचे व्हिडिओ पाहा. कोणी जॅझ गातं, कोणी पॉप, कोणी हिंदी-इंग्रजी मिश्रण. काही ग्रूप फक्त मुलांचे किंवा फक्त मुलींचे, बरेचसे मिश्र. एकाहून अधिक ठिकाणी ऑडिशन द्यायला सहसा हरकत नसते, पण काही विद्यापीठांत तुमचा पसंतीक्रम लिहून मागतात. विद्यार्थी क्लबांच्या मेळाव्यात ग्रूपच्या टेबलाशी थांबून तीन गोष्टी विचारा: गाणं कोणत्या भाषेत चालेल, यंदा कोणत्या आवाजाची जागा रिकामी आहे, आणि आठवड्यात सराव किती तास असतो.

गाणं मिनिट-दीड मिनिटाचं ठेवा. साथीला काही नसतं, त्यामुळे वाद्यांच्या म्युझिक पीसवर उभं असलेलं गाणं तिथे पोकळ वाटतं. चाल स्वतःच्या पायावर उभी राहील असं गाणं घ्या. थेट मुखड्यापासून सुरुवात करा, एक अंतरा घ्या आणि थांबा. लांब आलाप नको. सर्वांत वरचा सूर घशावर ताण न येता लागेल अशीच पट्टी निवडा, कारण घाबरल्यावर वरचे सूर आधी दगा देतात. सराव करताना तानपुरा फक्त सुरुवातीचा सा घेण्यापुरता लावा, मग बंद करून गा, आणि शेवटी पुन्हा लावा. सा जिथे होता तिथेच सापडला तर गाणं तयार झालं. सूर खाली घसरला असेल तर बहुधा श्वास कमी पडलेला असतो.

खरी परीक्षा कानाची असते. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडची मुलं नेमकी याचीच तयारी करत नाहीत. गाण्याआधी किंवा नंतर पियानोवर पाच सुरांचे आरोह-अवरोह अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली नेत तुमच्या आवाजाचा पल्ला बघतात. मग चार-पाच सूर एकदाच वाजवतात आणि ते जसेच्या तसे गायला सांगतात. शास्त्रीय शिकलेला माणूस इथे अडखळू शकतो. वर्षानुवर्षं काळी एक किंवा काळी चार अशा एकाच ठरलेल्या पट्टीत गाऊन कान त्या सा ला चिकटलेला असतो, आणि इथे सूर कुठूनही सुरू होतात. लगेच सरगम शोधायला जाऊ नका. ऐकलेली ओळ मनात एकदा गुणगुणा आणि मग गा. घरी कोणाला तरी हार्मोनियमवर शुद्ध-कोमल मिसळून, दरवेळी वेगळ्या पट्टीत चार-पाच सूर वाजवायला सांगा. रोज दहा मिनिटं पुरतात.

दुसरा सराव स्वरसंवादाचा. सा, ग, प एकत्र दाबा आणि फक्त ग धरून ठेवा. मग पेटी न लावता दोघांना सा आणि प गायला सांगून तुम्ही ग गा. शेजारचा दुसराच सूर गात असताना आपला सूर न सोडणं, हेच या गाण्याचं मर्म आहे. काही ठिकाणी टाळ्यांचा ठेका ऐकवून तो परत वाजवायला सांगतात. तबला-ढोलकीच्या बोलांची सवय असेल तर ते सोपं जातं. तोंडाने तालवाद्य वाजवता येत असेल तर न विचारताही सांगा, असे लोक ग्रूपना हवेच असतात.

कॉलबॅक. पहिली फेरी पार झाली की पुन्हा बोलावतात. एखाद्या गाण्याचा छोटा भाग थोड्या वेळात शिकवतात आणि ग्रूपमधल्यांबरोबर गायला लावतात. इथे हरकती, मुरक्या आणि आवाजातला कंप बाजूला ठेवा. सूर सरळ आणि स्थिर लावा. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तुमचा जास्त आहे. तोंडाचा आकार इतरांसारखा ठेवा, कारण ‘आ’ आणि ‘ऊ’ वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारले की सूर बरोबर असूनही आवाज एकजीव होत नाहीत. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि पेन्सिलीने कागदावर सरगम लिहून घ्या. चुकलात तर थांबू नका, पुढची ओळ पकडा. तुम्ही किती लवकर सावरता हेही ते पाहत असतात.

निकाल. काही ग्रूप ईमेल करतात, काही रात्री वसतिगृहाच्या दाराशी येऊन गातात. होकार देण्याआधी वेळापत्रक नीट बघा. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव असतो आणि स्पर्धेत उतरणारा ग्रूप असेल तर त्याहून जास्त. नकार आला तर तो बऱ्याचदा रिकाम्या जागांवर ठरलेला असतो: यंदा बासचे दोघे पदवी घेऊन गेले असतील, तर उत्तम सोप्रानोलाही (सर्वांत उंच स्त्री-आवाज) जागा नसते. काय कमी पडलं ते नम्रपणे विचारा. अनेक ग्रूप जानेवारीतही ऑडिशन घेतात. तोवर ऑडिशन न घेणारा एखादा गायनवृंद विद्यापीठात असेल तर त्यात नाव नोंदवा. मधला सूर धरून गाण्याचा सराव तिथे आयता मिळतो.