बायबल कुठून वाचायला घ्यावं, अन् अडलं की काय करावं

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी आठ-दहा जणी वाचनाला बसतो, जालन्याकडचं खेडं आहे आमचं, अन् इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली की प्रश्न सगळ्यांचे तेच असतात. कुठून सुरू करू, कोणतं बायबल घेऊ, वाचलेलं कळत नाही मंग काय करू, जुन्या करारात एवढी मारामारी कामून. फोनवर पण हेच विचारतात, पुण्याला कामाला गेलेली पोरं सुद्धा, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहून काढावं.

पहिला प्रश्न, कुठून सुरू करायचं. बहुतेक जण पहिलं पान उघडतात, उत्पत्ती गोष्टींची आहे म्हणून छान जाते, निर्गम अर्धं जातं, अन् लेवीय आलं की अर्पणांचे नियम, कातडीचे रोग, काय शुद्ध काय अशुद्ध, तिथं गाडी थांबते अन् पुस्तक पुन्हा कपाटात. यात तुमची काही चूक नाही. बायबल म्हणजे एक पुस्तक नाहीच, ६६ पुस्तकांचा गठ्ठा आहे, ३९ जुन्या करारात अन् २७ नव्या करारात (कॅथलिक बायबलात ७३, कारण जुन्या करारात सात पुस्तकं जास्त आहेत, तुमच्या शेजारणीच्या बायबलात तोबीत नावाचं पुस्तक दिसलं तर घाबरू नका). गठ्ठ्यातलं कोणतं आधी काढायचं ते आपण ठरवू शकतो. मी सगळ्यांना सांगते, मार्क घ्या. १६ अध्याय, चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांत, सगळ्यात छोटं, एका बैठकीत दीड-दोन तासांत सलग वाचून होतं, अन् पहिल्यांदा ते तसंच सलग वाचा, कुठं थांबू नका, कळलं नाही तरी पुढं चला. मंग रूथ, चारच अध्याय. मंग लूक अन् त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकानंच लिहिलेली मानतात अन् गोष्ट एकातून दुसऱ्यात जाते. रोज एक स्तोत्र सोबत ठेवा, १५० आहेत, पाच महिने पुरतात.

कोणतं भाषांतर? आपल्या आजी-आजोबांकडं जे होतं ते जुन्या वळणाचं पवित्र शास्त्र, त्याची भाषा भारदस्त आहे, पाठांतराला अन् मोठ्यानं वाचायला त्याच्याइतकं गोड मला दुसरं काही वाटत नाही. पण नवीन माणसाला ते जड जातं. म्हणून दोन ठेवा, एक जुनं अन् एक सोप्या मराठीतलं, अन् एकच उतारा दोन्हीत वाचा. जिथं दोघांचे शब्द फार वेगळे दिसतील तिथं पेन्सिलनं खूण करा, कारण मूळ हिब्रूत किंवा ग्रीकमध्ये काहीतरी अवघड आहे म्हणून तर भाषांतर करणाऱ्यांनी वेगवेगळी वाट धरली. (जुना करार बहुतेक हिब्रूत आहे, दानीएल अन् एज्रातला काही भाग अरामीत, नवा करार ग्रीकमध्ये.) अन् मराठीत हे काम किती कष्टानं झालंय ते पण माहीत असू द्या. पंडिता रमाबाई केडगावात बसून त्यासाठी हिब्रू अन् ग्रीक शिकल्या, त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून, १९२२ साली त्या वारल्या अन् पुस्तक १९२४ ला निघालं. मला तर हे आठवलं की आपण कंटाळा करतो त्याचं वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं, वाचायचं कसं. एक वही घ्या. एक उतारा घ्या, एक वचन नाही, उतारा, म्हणजे एक प्रसंग किंवा एक विचार पुरा होईपर्यंत. तो तीनदा वाचा, त्यातलं एकदा मोठ्यानं. मंग वहीत चार शब्द लिहा, कोण, कुठं, कवा, कामून. कोण बोलतंय अन् कुणाला बोलतंय, कुठं घडतंय, कवाची गोष्ट आहे, अन् हे सांगायची गरज कामून पडली. ह्या चारांची उत्तरं आधी उताऱ्यातच शोधा, नाही सापडली तर मागचा पुढचा अध्याय, अन् तरी नाही तर समासात बारीक अक्षरात जे संदर्भ दिलेले असतात ते उघडा. ‘मला यातून काय’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो, आधी मला काय ते बघतो, अन् मंग वचनाचा अर्थ आपल्या सोयीनं वाकतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण यिर्मया २९:११. व्हॉट्सअप स्टेटसला हेच वचन, वाढदिवसाला हेच, बारावीच्या निकालाला हेच, की देवाच्या मनात तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. खरंय, पण हे पत्र आहे, बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून लिहिलेलं. एक वचन मागं जा, १० वं, तिथं म्हटलंय की सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे ज्या म्हाताऱ्याला हे पत्र वाचून दाखवलं तो काही परत जाणार नव्हता. अन् ५ ते ७ वाचा, घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, अन् ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच शहराचं भलं मागा. आमच्यातल्या एकीचा मुलगा-सून दरवर्षी ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की कोयते घेऊन, परक्या मुलखात पाच-सहा महिने. तिला हा भाग वाचून दाखवला तर ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मंग म्हणली की आजपर्यंत मी फक्त ‘लवकर आण’ एवढीच प्रार्थना केली, ते जिथं आहेत तिथल्या लोकांसाठी कधी केली नाही. आता मला सांगा, नुसतं ११ वं वचन वाचून हे मिळालं असतं का?

तसंच फिलिप्पै ४:१३, मी सर्व काही करू शकतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांच्या टेबलावर चिकटवलेलं असतं. हे पत्र लिहिणारा पौल कैदेत आहे तिथं, अन् १२ व्या वचनात तो म्हणतोय की मला भरल्या पोटी राहता येतं अन् उपाशी पण राहता येतं. म्हणजे हे वचन नापास झालेल्या पोराला जास्त लागू पडतं. अन् १ करिंथ १३, प्रीतीचा अध्याय, लग्नात वाचतो आपण, तो लिहिलाय एकमेकांशी भांडणाऱ्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, १२ अन् १४ वाचल्याशिवाय त्यातली धार कळत नाही. अध्यायांचे अन् वचनांचे आकडे मुळात नव्हतेच हे लक्षात ठेवा, अध्याय तेराव्या शतकात पाडले अन् नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे १५५१ मध्ये दिले. आकडा फक्त जागा शोधायला आहे, तिथं थांबायलाच पाहिजे असं काही नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला एक गोष्ट फार सोपी जाते जी शहरातल्याला जात नाही, अन् ती म्हणजे शेत. रूथ वाचताना ‘सरवा’ हा शब्द येतो. माझ्या लहानपणी माझी आई सरवा वेचायला जायची, दुसऱ्याच्या रानात ज्वारी काढून झाली की मागं राहिलेली कणसं, अन् मालकाचा माणूस हाकलून देईल याची भीती कायम. मी पहिल्यांदा रूथचा दुसरा अध्याय वाचला तवा मला रडू आलं होतं. रूथ ज्याच्या शेतात वेचते तो मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून खाली टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. आता इथं लेवीय १९:९-१० उघडा, जे पुस्तक आपण कंटाळून सोडलं तेच, त्यात नियम आहे की शेताचे कोपरे पार कापून नेऊ नका, सरवा वेचू नका, गरिबाला अन् परक्याला राहू द्या. म्हणजे तो हक्कच होता, अन् बवाज हक्कापेक्षा जास्त देतोय. अन् रूथ परकी, मवाबी, अन् मवाबी माणसाला देवाच्या मंडळीत घेऊ नये असं अनुवाद नावाच्या पुस्तकात, २३ व्या अध्यायात, स्पष्ट लिहिलंय. तीच पुढं दावीदाची पणजी होते, अन् मत्तयच्या पहिल्याच अध्यायात, येशूच्या वंशावळीत, तिचं नाव आहे. बायबलचा अर्थ बायबलनंच लावायचा म्हणतात तो असा, चार ठिकाणं उघडून शेजारी ठेवायची. पुढं बवाज रात्री खळ्यावर उपणतो अन् राशीपाशीच झोपतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही, आपले आजोबा तसेच झोपायचे.

पण हेच शेत आपल्याला कधी कधी चकवतं. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं शिकवायला सांगितलेली गोष्ट, घ्या, मार्क ४. आमच्याकडं एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं की हा कसला शेतकरी, वाटेवर, खडकावर अन् काट्यात बी कामून टाकतो? त्याचं बरोबर होतं, कारण आपण तिफणीनं पेरतो, चाड्यावर मूठ असते, बी सरीतच पडतं. तिकडं येशूच्या मुलखात मुठीनं फेकून पेरायचे, काही बी वाटेवर जाणारच. अन् या दाखल्याचा अर्थ येशूनं स्वतः सांगितलाय, १३ ते २० वचनांत, मंग आपण वेगळा कशाला लावायचा. पाऊस पण तसाच. पहिला अन् शेवटचा पाऊस असं वाचलं की आपल्या डोळ्यासमोर मृग अन् परतीचा पाऊस येतो, पण तिकडं पाऊस ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुमारास, उन्हाळा कोरडा, अन् जव एप्रिलच्या आसपास काढायला येतात. रूथ अन् तिची सासू नामी जवाच्या सुगीला बेथलेहेमात आल्या म्हणजे ते असे दिवस.

शब्द पण चकवतात. ‘शास्त्री’ म्हणजे नियमशास्त्राचे जाणकार, आपल्याकडचं आडनाव नाही. ‘मंदिर’ म्हणजे यरुशलेमेतलं एकच, जे रोमी फौजेनं इ.स. ७० मध्ये पाडलं, गावोगाव असायचं ते ‘सभास्थान’. सहावा तास म्हणजे दुपारचे बारा, कारण मोजणी सूर्य उगवल्यापासून. हे कळलं की योहान ४ बदलून जातो, शोमरोनी बाई भर दुपारी एकटी पाण्याला येते, अन् यहूदी माणूस तिला पाणी मागतो, जेव्हा यहूदी अन् शोमरोनी एकमेकांशी व्यवहार ठेवत नव्हते. कुणी कुठल्या पाणवठ्यावर पाणी भरायचं हे ज्या गावांत जातीवरून ठरत होतं त्या गावांतल्या माणसाला मी यापुढं काय सांगू.

नावांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. हेरोद एक नाही. येशूच्या जन्माच्या वेळचा वेगळा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडवणारा त्याचा मुलगा, प्रेषितांची कृत्ये १२ मधला नातू. मरीया चार-पाच, याकोब पण बरेच. वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवा. गावाच्या नावांची पण गंमत असते, आपल्या जालन्याजवळ बेथेल आहे ना, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं, ते नाव उत्पत्ती २८ मधलं, याकोब उशाला धोंडा घेऊन झोपला अन् उठून म्हणाला हे देवाचं घर आहे. बेथेलचा अर्थच तो.

चार शुभवर्तमानांत फरक का? वधस्तंभावरच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते चौघांकडं बघा, शब्द चौघांचे वेगळे, पण ‘यहूद्यांचा राजा’ चौघांत आहे. चार जण एक लग्न बघून आले तर चौघं चार प्रकारे सांगतात. फरक लपवू नका, वहीत लिहा, अन् हा लेखक हेच कामून सांगतोय ते विचारा.

मारामारीचं विचारतात त्यांना मी एवढंच सांगते की घडलेलं लिहिलंय म्हणजे तसं करा असं नाही. शास्ते १९ मधला त्या बाईवरचा अत्याचार वाचवत नाही, अन् पुस्तकाचं शेवटचं वचनच सांगतं की तेव्हा राजा नव्हता, ज्याला जे बरं वाटे ते तो करी. पण सगळं एवढ्यानं सुटत नाही, यहोशवातल्या लढायांपाशी मी अजून अडते अन् अडलेली असतानाच वाचते.

प्रकटीकरण, बायबलातलं शेवटचं पुस्तक, वाचायला पण शेवटी ठेवा. दानीएल अन् यहेज्केल वाचल्याशिवाय त्यातली चित्रं लागत नाहीत, अन् ते आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं आहे. त्यातून जगाच्या शेवटाची तारीख काढणारे व्हिडिओ येतात, त्यांना मत्तय २४:३६ दाखवा, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही, वाचलं तर चालेल का, असंही विचारतात. चालेल म्हणजे काय, या की. पारायणाची सवय असलेल्या घरातली माणसं उलट जास्त धीरानं वाचतात असा माझा अनुभव आहे, अन् स्तोत्रांत एकच गोष्ट दोन ओळींत दोनदा येते ती अभंग-ओव्या ऐकलेल्या कानाला लगेच पकडता येते.

अन् ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी, फोनवर यूव्हर्जनचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात मराठी बायबल आहे अन् ऐकता पण येतं. आमच्यात एक आजी आहेत, नातू त्यांना रोज झोपताना एक अध्याय लावून देतो. मागच्या गुरुवारी रूथ चालू होतं तवा त्यांनी मधेच थांबवून विचारलं, की बवाज तिला म्हणला तहान लागली तर गड्यांनी भरलेलं पाणी पी, ते पुन्हा एकदा वाच. मी वाचलं, २:९. त्या म्हणल्या, अजून एकदा.