आडव्या वाऱ्यात छोटं विमान उतरवताना

आधी आडवा वारा किती, ते काढा. २० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर आडवा घटक १० नॉट, ४५ अंशांत १४, ६० अंशांत १७. सेसना १७२एस या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत, चाचणीत दाखवून दिलेल्या आडव्या वाऱ्याचा आकडा १५ नॉट आहे. ती कायदेशीर मर्यादा नव्हे, पण नवख्याने तीच मानावी.

वारा १५ आणि झोत २५ नॉटचे असतील, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट, अप्रोचच्या (उतरायला पट्टीकडे येतानाच्या) वेगात वाढवा. जास्त नको, विमान तरंगत राहतं आणि पट्टी संपत येते.

शेवटच्या टप्प्यात वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली आणि उलट बाजूचा रडर (शेपटीवरची उभी हलती फळी). पंख वाहून जाणं थांबवतो, रडर नाक सरळ ठेवतो. वाऱ्याकडचं मुख्य चाक आधी टेकतं. ते बरोबरच आहे, घाबरू नका.

खरा घोळ चाकं टेकल्यावर होतो. उतरलो म्हणून हात सैल सोडला की वारा पंख उचलतो, शेपटीवर दाब देऊन नाक वाऱ्याकडे वळवतो आणि विमान पट्टीबाहेर जातं. वेग घटेल तसं एलेरॉन वाऱ्याकडे वाढवत पूर्ण न्या.

नाकाचं चाक आधी आपटून उसळी आली तर स्टिक (नाक वर-खाली करणारा दांडा) पुढे ढकलू नका. पूर्ण पॉवर, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा.