जास्वंदीवर मुंग्या चढल्या? या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नेरूळच्या एखाद्या बाल्कनीत जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की लोक आधी मुंग्यांची पावडर शोधतात, आणि पहिली चूक तिथेच होते. या मुंग्या पाने खायला आलेल्या नसतात. कोवळ्या शेंड्याला आणि कळीच्या देठाला चिकटलेले, कापसाचे कण वाटावेत असे पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषून जो गोड चिकटा सोडतात, तो पिण्यासाठी त्या येतात आणि त्या बदल्यात ढेकणांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावून लावतात. पावडरीने रांग मोडते, कीड मात्र जागेवरच राहते. म्हणून किडलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाकावेत, उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवसाबण मिसळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे. ग्रिलला टेकलेली फांदी कापली नाही तर मुंग्यांची वाट चालूच राहते.

पानांवरची काजळी पाहून बुरशीनाशक विकत आणणे हा तर शुद्ध अपव्यय होय. ती बुरशी सांडलेल्या चिकट्यावर वाढते, पानाच्या आत शिरत नाही. ओल्या फडक्याने पुसता येते आणि चिकटा थांबला की नव्याने धरत नाही.

कृष्णकमळावरच्या मुंग्यांना मात्र सहसा हात लावू नये. त्याच्या पानांच्या देठांवर मधुरसाच्या बारीक ग्रंथी असतात, आणि तो रस पिणाऱ्या मुंग्या अळ्यांना पिटाळतात. कीड दिसत नसेल तर फवारणीचे कारणच नाही.

पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी मुंग्यांनी पिकवलेली असते, हाही गैरसमजच आहे. बुरशीची शेती करणाऱ्या पानकाप्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे ते काम झुरळांच्या कुळातली वाळवी करते. वारूळ फोडून तो बुरशीचा मळा कुंडीत पुरणाऱ्यांच्या पदरी काहीच पडत नाही, कारण वाळवीची राखण सुटली की दुसऱ्या बुरशी त्याचा ताबा घेतात. शिवाय ठाण्याजवळचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, त्यामुळे तिथल्या वारुळाला हात लावणे कायद्यातही बसत नाही.