वणव्याच्या ठिणग्यांपासून घर कसे सावरले

वणवा समोरच्या टेकडीवर असताना आम्ही सारे ज्वाळांकडे पाहत उभे होतो, आणि आग मात्र लागली घरामागे, पन्हळीत साचलेल्या वाळक्या पाल्याला. वाऱ्यावर उडून आलेली एक ठिणगी तेवढ्याला पुरली. दोन बादल्या पाण्यावर निभावले, पण वणव्यात बरीच घरे ज्वाळांच्या थेट स्पर्शाने नव्हे, तर अशा उडत्या निखाऱ्यांनी पेटतात, हे तेव्हा पुरते पटले.

सर्वांत आधी पन्हळी साफ केल्या आणि भिंतीलगतची सुमारे १.५ मीटर रुंदीची पट्टी मोकळी केली. काथ्याचे पायपुसणे, खिडकीखालचे झुडूप, उगाच ठेवलेले जुने लाकडी बाक, असे पेट घेणारे सारे हलवून तेथे खडी पसरली. भिंतीला टेकवून रचलेले सरपण, जे हाताशी असावे म्हणून मीच तेथे ठेवले होते, ते ९ मीटरपलीकडे नेले.

छपराखालच्या झरोक्यांना प्रथम मी प्लास्टिकची जाळी लावली होती, ही शुद्ध चूक. ती उष्णतेने वितळते आणि निखारे सरळ माळ्यावर शिरतात. आता तेथे ३ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी आहे, आणि कौलांच्या कडेच्या फटी गिलाव्याने बुजवल्या आहेत.

गवत आखूड ठेवले, झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून २ मीटरपर्यंत छाटल्या. पन्हळीत मात्र पाला पुन्हा साचतोच, त्यामुळे कोरड्या दिवसांत शिडी भिंतीलाच लावलेली असते, अर्थात, लोखंडी.