शेल स्क्रिप्ट लिहिताय? आधी अवतरणचिन्हं पक्की करा

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाच्या संगणकावर फाइलींना नावं पडतात ती 'हळद पट्टी', 'तासगाव बेदाणा जुना' अशी. नावात स्पेस असतोच. म्हणून इथल्या माणसाने शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) शिकताना पहिला वेळ अवतरणचिन्हांना द्यावा, शंभर कमांडच्या याद्या पाठ करण्यात घालवू नये.

टर्मिनल उघडा, विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्या. पीडब्ल्यूडी (कुठल्या फोल्डरमध्ये आहोत), एलएस (फाइलींची यादी), सीडी (फोल्डर बदला), सीपी (कॉपी), एमव्ही (हलवा किंवा नाव बदला) रोज वापरा, आपोआप हाताला बसतात. कमांड अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आता खरं काम. सरावासाठी वेगळं फोल्डर करा आणि त्यात ही ओळ चालवा:

टच हळद पट्टी 'हळद पट्टी'

तीन रिकाम्या फाइली तयार होतील. मग दोन ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली फाइल, तयार करा. पहिली #!/बिन/बॅश (म्हणजे बॅश या शेलने चालवा), दुसरी आरएम $1 (आरएम फाइल पुसतं, $1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं पहिलं नाव). सीएचमॉड +एक्स करून फाइलला चालवायची परवानगी द्या आणि नावाआधी ./ लावून, पुढे 'हळद पट्टी' देऊन चालवा.

एलएस करून बघा. 'हळद' गेली, 'पट्टी' गेली, आणि जी पुसायची होती ती जागेवरच आहे! शेल आधी $1 च्या जागी नाव घालतं, मग स्पेस, टॅब किंवा नवी ओळ दिसेल तिथे त्याचे तुकडे करतं, तुकड्यांत * असेल तर जुळणारी फाइलनावं भरतं, आणि त्यानंतरच कमांडला हाक मारतं. आरएमच्या हाती दोन वेगळी नावं पडली. आरएमने पुसलेलं कचरापेटीत जात नाही, ते गेलंच.

बरोबर ओळ अशी:

आरएम -- "$1"

दुहेरी अवतरणात किंमत भरली जाते, पण तुकडे होत नाहीत. एकेरीत '$1' लिहिलंत तर किंमत भरलीच जात नाही, डॉलर आणि एक हीच अक्षरं कमांडला मिळतात. -- लावायचं कारण, नाव - ने सुरू झालं तर आरएम त्याला फाइल न समजता पर्याय (कमांडला दिलेली सूचना) समजतं. अनेक फाइली घ्यायच्या तर "$@" (दिलेली सगळी नावं), तेही अवतरणातच. 'नावात स्पेस नसेल तर अवतरण नको' हा सल्ला मानू नका. उद्या कोणीतरी स्पेसवालं नाव देणारच.

चिन्हं सरळच हवीत. वर्डमधून आलेली वाकडी चिन्हं शेलला कळत नाहीत. $ पुढचा अंकही इंग्रजीच. फाइलचं नाव मराठीत चालतं, बॅशमध्ये व्हेरिएबलचं चालत नाही. व्हेरिएबलला किंमत देताना = च्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून आणली असेल तर ओळींच्या शेवटी जादा खूण राहते आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडते; ती काढायला डॉसटूयुनिक्स (dos2unix) चालवा.

मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून नव्या खात्याला बॅशऐवजी झेडएसएच हे शेल मिळतं. तिथे अवतरणाशिवायही $1 चे स्पेसवर तुकडे होत नाहीत, त्यामुळे तिथे हातानं तपासलेली ओळ बॅशमध्ये घात करते.

पुसण्याआधी तपासायला आरएमच्या जागी इको (दिलेलं नुसतं छापणारी कमांड) लावा, असं सगळीकडे सांगतात. नुसत्या इकोने काही कळत नाही: दोन तुकडे असोत की एक नाव, छापून येतं 'हळद पट्टी'च. इको लावलेली स्क्रिप्ट बॅश -एक्स ने चालवा, म्हणजे प्रत्येक कमांड चालण्याआधी दिसते. + ने सुरू होणाऱ्या ओळीत नावाभोवती एकेरी अवतरण दिसलं तर नाव अखंड पोचलंय. दिसलं नाही तर आरएम परत लावू नका.