स्त्रियांच्या लघवीच्या तक्रारी: प्रश्नावली कशी भरून घ्यावी आणि कशी वाचावी

‘लघवीचा त्रास आहे’ एवढेच सांगून रुग्ण गप्प होते, आणि त्या शब्दांत उन्हाळी लागण्यापासून लघवी तुंबण्यापर्यंत काहीही दडलेले असू शकते. प्रश्नावलीचे पहिले काम हा गुंता सोडवण्याचे आहे. वारंवार जावे लागणे, घाई होणे, रात्री उठावे लागणे हा लघवी साठवतानाचा त्रास. सुरू व्हायला वेळ लागणे, कुंथावे लागणे, धार मध्येच तुटणे हा लघवी करतानाचा. आणि पुरती झाली नाही असे वाटणे हा नंतरचा. लघवीतून रक्त जाणे, तापासह कंबरेत दुखणे, लघवी पूर्ण अडणे किंवा जांघेत बधिरपणा येणे यांपैकी काही असेल, तर कागद बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे.

सहज मिळणारी आयपीएसएस ही ७ प्रश्नांची, ३५ गुणांची प्रश्नावली मुळात पुरुषांच्या प्रॉस्टेटच्या तक्रारींसाठी तयार झाली. ती स्त्रियांसाठीही वापरली जाते, पण तिच्यात लघवी गळण्याविषयी एकही प्रश्न नाही. शिवाय धार बारीक झाली आहे का, हे पुरुषाला दिसते, बसून लघवी करणाऱ्या स्त्रीला ते बहुधा आवाजावरून आणि लागलेल्या वेळावरूनच ताडावे लागते. म्हणून स्त्रियांसाठीच बेतलेली आयसीआयक्यू-एफएलयूटीएस अधिक उपयोगी ठरते. मागील ४ आठवड्यांविषयी विचारणाऱ्या तिच्या १२ प्रश्नांपैकी ३ प्रश्न लघवी करतानाच्या अडचणींचे असून त्यांचे गुण ० ते १२ होतात; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. प्रत्येक लक्षण किती जाचते, हे ० ते १० या मापावर वेगळे विचारले जाते आणि ते बेरजेत धरले जात नाही. माझ्या मते तोच रकाना आधी वाचावा, कारण उपचारांची निकड तिथे कळते.

प्रश्नावली शक्यतो रुग्णानेच, एकांतात भरावी. सासूबाई किंवा मुलगा शेजारी बसला असेल, तर गळण्याच्या प्रश्नापुढे ‘कधीच नाही’ अशी खूण उमटणार, हे धरूनच चालावे. वाचून दाखवावे लागल्यास प्रश्न जसाच्या तसा वाचावा. ‘फार नाही ना हो त्रास, मावशी?’ असे विचारणे म्हणजे उत्तर आपणच देणे होय. मात्र कागद भरून झाल्यावर नेहमीच्या भाषेत बोलावे. ‘कुंथावे लागते का?’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई, ‘लघवी करताना हाताने आधार द्यावा लागतो का?’ असे विचारताच ‘अंग आत ढकलल्याशिवाय होतच नाही’ असे सांगून जाते, आणि गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरल्याची शंका तिथेच येते. सार्वजनिक स्वच्छतागृहात अर्धवट उभे राहून लघवी करण्याची सवय, मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया आणि चालू औषधे, विशेषतः ॲलर्जीची व झोपेसाठी घेतलेली, हेही याच वेळी विचारावे.

आता गुणांचा अर्थ. मूत्रमार्गात अडथळा असो वा मूत्राशयाचा स्नायू दुबळा झालेला असो, दोन्हींत धार मंदावते, कुंथावे लागते आणि गुण सारखेच येतात. उलट, पुष्कळ लघवी मागे राहूनही काहींना ते जाणवत नाही. त्यामुळे केवळ गुणांवरून निदान लिहू नये आणि गुण कमी आले म्हणून तपासणी टाळू नये. लघवीची तपासणी, योनिमार्गाची तपासणी आणि लघवीच्या वेळा व प्रमाण टिपणारी ३ दिवसांची नोंदवही यांच्या जोडीने लघवी झाल्याबरोबर सोनोग्राफीने मागे राहिलेली लघवी मोजावी. ती १०० मिलिलिटरहून अधिक वारंवार आढळल्यास तपास पुढे न्यावा, जरी याबाबत सर्वमान्य असा एकच आकडा नसला तरी. धारेचा वेग मोजताना किमान १५० मिलिलिटर लघवी झालेली असावी, अन्यथा आलेख फसवा ठरतो. अडथळा की दुबळेपणा हे ठरवायला अखेर मूत्राशयातील दाब आणि धार एकत्र मोजावी लागते.

उपचारांनंतर तीच प्रश्नावली त्याच भाषांतरात पुन्हा भरून घ्यावी. त्या वेळी जुना कागद रुग्णापुढे ठेवू नये. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून मागच्यापेक्षा एक गुण कमी देणाऱ्या रुग्ण कमी नसतात.